मार्लिसच्या डोक्यातली योजना

राज्याच्या विमा खात्याचं पत्र आलं त्या दिवशी मार्लिस टॉफ्टे पहिल्यांदा ऑफिसचं दार लावून बसली. बावीस वर्षांत ते दार कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. दारामागे तिचे बर्फातले बूट, दोन छत्र्या आणि कुणीतरी विसरून गेलेली एक कुबडी टेकून ठेवलेली असायची. हे सगळं धडाधड बाजूला केल्याचा आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू आला, तेव्हाच मी ओळखलं की आज काहीतरी बिनसलंय.

मी व्हर्ना लिंडाल, आल्सेथ कॉलेजच्या दवाखान्यात नर्स. दवाखाना व्यायामशाळेच्या तळघरात, आणि माझ्या खोलीला लागूनच मार्लिसची खोली. मुलं माझ्याकडे येऊन टाके घालून घ्यायची आणि शेजारच्या दारात जाऊन विचारायची, याचे पैसे कोण देणार. मार्लिस सांगायची, कॉलेज देणार. किंवा सांगायची, तू देणार. बस, आमची आरोग्य योजना म्हणजे एवढंच होतं.

आमच्याकडे विमा कंपनी नव्हती. मुलांनी वर्षाच्या सुरुवातीला भरलेली वर्गणी कॉलेजच्याच एका खात्यात जमा व्हायची आणि वर्षभर त्यातूनच बिलं भागायची. उरलं तर पुढच्या वर्षी वर्गणी थोडी कमी. कंपनी नाही म्हटल्यावर विमा कंपन्यांचे कायदेही आम्हाला लागू नव्हते. राज्यातलं कोणीही आमच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं, आणि मार्लिसला तेच पसंत होतं.

मी दार वाजवलं.

"उघडंच आहे," ती आतून म्हणाली.

"बंद आहे, मार्लिस."

"मग ढकल ना."

तिने पत्र माझ्यापुढे सरकवलं. "वाच. परीक्षा घ्यायला येतायत माझी. बासष्टाव्या वर्षी."

पत्र साधं होतं. दूरच्या कुठल्याशा राज्यात अशाच एका कॉलेजचं खातं फेब्रुवारीतच आटलं होतं आणि मुलं बिलं हातात घेऊन बसली होती. त्यावरून आमच्या विधिमंडळाने कायदा केला होता. जे कॉलेज स्वतःच्या पैशावर अशी योजना चालवतं त्याने यापुढे राज्याचा परवाना घ्यायचा. अडीअडचणीसाठी रक्कम बाजूला ठेवायची. नियम लिहून मुलांच्या हातात द्यायचे. आणि एखाद्याचं बिल नाकारलं, तर शेवटचा निर्णय कॉलेजबाहेरच्या डॉक्टरने द्यायचा. त्याआधी तपासणी. एप्रिलचा दुसरा आठवडा, चार दिवस.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले.

"घाबरतंय कोण? मला राग आलाय."

राग येण्यासारखं आणखीही एक होतं. कॉलेजचे पैशाचे व्यवहार पाहणारा उपाध्यक्ष गॉर्डन नायबाकेन हा त्याच दुपारी खाली आला. तळघरात तो वर्षातून एकदाच यायचा, फ्लूची लस घ्यायला.

"मार्लिस, एवढा उपद्व्याप कशाला?" तो म्हणाला. "एखाद्या कंपनीचा विमा घेऊन टाकू. एक सही केली की आपण मोकळे. तूही मोकळी."

"आणि मुलांनी फोन केला तर उचलणार कोण?"

"त्यांच्याकडे यंत्रणा असते ना. एक दाबा, दोन दाबा."

"बघ, तुझं तूच सांगितलंस," मार्लिस म्हणाली आणि पुन्हा टायपिंग करायला लागली.

तपासनीस आली तेव्हा तळ्यातला बर्फ अर्धा फुटला होता आणि सगळ्या कॉलेजभर चिखल होता. तिचं नाव पान्या मुआ. तिशी ओलांडलेली, लहान चणीची. चाकाची बॅग, खांद्याला जेवणाचा डबा, हातात स्वतःचं पेन. दाराबाहेर बूट काढून तिने बॅगेतून सपाता काढल्या आणि त्या घालून आत आली. मार्लिसने ते पाहिलं आणि मनातल्या मनात तिला दोन गुण दिले असावेत, कारण तिने लगेच लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, ट्रे पुढे केला. आदल्या संध्याकाळी खास भाजले होते.

"माफ करा," पान्या म्हणाली. "तपासणी चालू असताना मला काही घेता येत नाही."

"कॉफी?"

"आहे माझ्याकडे."

"पाणी तरी चालेल का?"

पान्याने खरंच विचार केला. "पाणी चालेल. नळाचं."

मार्लिस पाणी आणायला माझ्या खोलीत आली. "नळाचं म्हणे," ती कुजबुजली. "बाटलीतलं दिलं असतं तर लाच झाली असती."

पहिले दोन दिवस पान्याने फक्त प्रश्न विचारले. मधलं दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर ते दार मीच उघडं ठेवलं होतं.

"बावीस वर्षांत योजनेबद्दल किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही," मार्लिस अभिमानाने म्हणाली.

"तक्रार करायची झाली तर कोणाकडे करायची?"

"माझ्याकडे."

पेन चालल्याचा आवाज. "बरं. आणि एखाद्याचं बिल नाकारलं आणि त्याने फेरविचाराचा अर्ज केला, तर तो अर्ज कोण बघतं?"

"मीच. पण दुसऱ्या दिवशी. ताज्या डोक्याने."

मी रक्तदाबाचं यंत्र उगाचच गुंडाळत बसले, हसू ऐकू जाऊ नये म्हणून.

"नियम कुठे लिहिलेले आहेत?" पान्याने विचारलं.

मार्लिसने खणातून एक घडीपत्रक काढून दिलं. त्यावर पूर्वीच्या अध्यक्षांचा फोटो होता आणि दवाखान्याचा फोन नंबर चुकीचा होता. पान्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"यात चष्म्याचे पैसे मिळत नाहीत असं लिहिलंय. पण गेल्या सप्टेंबरात तुम्ही एका मुलीला नवा चष्मा दिलात."

"तिच्या अंगावर रानहंस धावून आले होते. जुना चष्मा तळ्यात गेला."

"हंस धावून आले तर चष्मा मिळतो, हे कुठे लिहिलंय?"

"हे लिहायला लागतं?" मार्लिस म्हणाली. ती मनापासून विचारत होती.

मार्लिसच्या बाजूने एक सांगायला हवं. त्या बावीस वर्षांत तिने फार मुलांचं भलं केलं. आई वारली म्हणून झोप न येणाऱ्या मुलाला तिने वर्षभर समुपदेशक दिला. कुठल्याही कंपनीने सहा भेटींनंतर हात वर केले असते. दुसऱ्या देशातून आलेली एक मुलगी हिवाळ्यात पायाची बोटं गारठवून घेऊन आली, तेव्हा मार्लिसने औषधाचे पैसे तर दिलेच, वर स्वतः गाडी काढून तिला बूट घ्यायला घेऊन गेली. तिला प्रत्येकाचं नाव पाठ, प्रत्येकाचं गाव पाठ. योजना कुठे आहे असं कोणी विचारलं असतं, तर मी तिच्या कपाळाकडे बोट दाखवलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पान्याने टेबल मोकळं करून मागितलं. मंजूर झालेल्या तीस बिलांच्या फायली डावीकडे, नामंजूर तीस उजवीकडे. मग ती जोड्या लावत बसली. घोट्याच्या बाजूला घोटा, पुरळाच्या बाजूला पुरळ. मार्लिस पंच मशीनने कागदांना भोकं पाडत राहिली. इतकी भोकं कशाला हवी होती तिलाच ठाऊक.

दुपारी पान्याने दोन फायली उचलल्या. "मिसेस टॉफ्टे, या दोन बघता का माझ्याबरोबर?"

पहिली फाईल बँडमध्ये ट्यूबा हे अवजड पितळी वाद्य वाजवणाऱ्या मुलीची. वाद्य घेऊन बर्फावरून चालताना घसरली, वाद्याच्या तोंडावर तोंड आपटलं, पुढचा दात तुटला. मंजूर. दुसरी अ‍ॅन्सेल रुडी नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाची. हा बर्फावर ब्रूमबॉल खेळत होता. त्यात स्केट्स नसतात, साध्या बुटांनी घसरत धावायचं आणि झाडूसारख्या काठीने चेंडू मारायचा. काठी तोंडावर बसली, पुढचा दात तुटला. नामंजूर. फेरविचाराचा अर्ज: नामंजूर. खाली एकच ओळ, दातांचा खर्च योजनेत बसत नाही, आणि मार्लिसची सही.

"दोन्ही अपघात," पान्या म्हणाली. "दोन्ही बर्फावरचे. दोन्ही पुढचेच दात."

"ब्रूमबॉल तो आपल्या मर्जीने खेळत होता."

"ट्यूबाही मर्जीनेच वाजवतात."

मार्लिसने पंच मशीन बाजूला सारलं. मग तिच्या तोंडून निघून गेलं. "तो मुलगा उद्धट होता."

"ते फायलीत कुठे आहे?"

"फायलीत नाही. फोनवर. मी त्याला एवढं समजावून सांगत होते, आणि तो मला म्हणाला, तुम्ही डॉक्टर आहात का? असं. मध्येच तोडून."

पान्याने पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना विजय. "म्हणून दात नाही मिळाला?"

"म्हणून नाही," मार्लिस म्हणाली. पण ती उठून सरळ माझ्या खोलीत आली. पेशंटच्या खुर्चीवर बसली. मी काही न विचारता तिचा रक्तदाब घेतला. चांगलाच चढला होता.

"मी राजीनामा देते," ती म्हणाली. "गॉर्डनला सांग, आण म्हणावं तुझी कंपनी."

"त्याला मी कशाला सांगू? तुला तोंड नाही का?"

"व्हर्ना, मला खरंच वाटत होतं की मी नियमाने नाही म्हटलं. आत्ता दोन्ही फायली शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं. त्या ट्यूबावाल्या मुलीने मला दिवाळखोर झालेल्या तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली होती, मी रडले होते. याने विचारलं डॉक्टर आहात का." ती रक्तदाबाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "आणखी किती असतील गं अशा?"

मी तिला ज्यूस दिला.

चौथ्या दिवशी पान्याने सगळ्यांना एकत्र बसवलं. गॉर्डन टाय लावून आला होता. आता आपल्या मनासारखं होणार, हा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

"योजना चांगली आहे," पान्या म्हणाली. "खात्यात पैसा पुरेसा आहे. कंपन्या देत नाहीत अशा कितीतरी गोष्टी तुम्ही देता. मी आतापर्यंत सात कॉलेजं पाहिली. मुलांना एवढं ओळखणारी बाई मला कुठे भेटली नाही."

गॉर्डनचा टाय जरासा खाली आला.

"पण," ती मार्लिसकडे वळली, "ही योजना कागदावर नाही, तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात तर ती तुमच्याबरोबर हॉस्पिटलात जाईल. आणि ज्या मुलाचं तुमच्याशी जमत नाही, त्याला दार ठोठावायला दुसरी जागाच नाही. परवाना आज देता येणार नाही. नव्वद दिवस आहेत. नियम लिहा. बाहेरचे डॉक्टर नेमा. मी जुलैत परत बघते."

"आणि नाही लिहिलं तर?" गॉर्डनने विचारलं, जरा जास्तच आशेने.

"तर ऑगस्टपासून कंपनीचा विमा घ्यावा लागेल."

मार्लिस मान खाली घालून ऐकत होती. मग तिने वर पाहिलं आणि गॉर्डनला म्हणाली, "मला एक मोठी वही लागेल. आणि व्हर्ना, दुपारी दोन तास."

मे महिना आम्ही त्या वहीत घालवला. नियम लिहिणं किती अवघड असतं हे ज्याने लिहिले त्यालाच कळतं. 'अपघात' या एका शब्दाने आमचे तीन दिवस खाल्ले.

"अपघात म्हणजे अचानक आणि नकळत झालेली इजा," मार्लिसने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"मागच्या वर्षी एकाने पैजेवर गोठलेल्या खांबाला जीभ लावली होती," मी म्हणाले. "ते अचानक होतं. नकळत नव्हतं."

"त्याला मी दिले होते का?"

"दिले होतेस. वर आइस्क्रीम दिलंस."

"मग 'नकळत' खोड." ती खोडायची. "आता काय राहिलं?"

"अचानक."

"कॉलेजात सगळंच अचानक होतं गं."

एक नियम लिहिला की त्याच्या मागून अपवाद यायचा, आणि अपवादाला चेहरा असायचा. मार्लिस म्हणायची, असं लिहिलं तर त्या सालची ती पोहणारी पोरगी बाहेर राहते. मग आम्ही पोहणारीला आत घ्यायचो, तर दुसराच कोणीतरी आत घुसायचा. पहिल्या आठवड्यात ती चिडचिड करायची. नंतर तिला त्यात रस यायला लागला. जुन्या फायली काढून ती नियम त्यांच्यावर लावून बघायची आणि मला ओरडून सांगायची, "हा पास." किंवा हळू आवाजात, "याला मी नाही म्हटलं होतं. द्यायला हवे होते." अशा हळू आवाजातल्या अकरा निघाल्या. त्यातले आठजण पास होऊन निघून गेले होते. त्यांना तिने स्वतः पत्रं लिहिली, ऑफिसच्या कागदावर, कारणासकट.

राहिलेल्या तिघांतला एक अ‍ॅन्सेल रुडी. त्याला तिने पत्र लिहिलं नाही.

"पत्र कशाला, तो इथेच आहे," ती म्हणाली. "भोजनगृहात नाश्त्याला टोस्ट भाजतो. चल."

"मी कशाला?"

"मी काही वेडंवाकडं बोलले तर माझ्या पायावर पाय दे."

अ‍ॅन्सेल उंच, लाल कानांचा मुलगा होता. टोस्टच्या यंत्रासमोर उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येकाला ओठ मिटून हसत होता. ते मिटलेले ओठ मार्लिसने पाहिले. मीही पाहिले.

"मी मार्लिस टॉफ्टे," ती म्हणाली. "आरोग्य योजनेची."

"हो," तो म्हणाला, आणि त्याचा हात टोस्टच्या चिमट्यावर थांबला. "ते पैसे मी भरतोय. हप्ते चालू आहेत, मिसेस टॉफ्टे."

"कसले हप्ते? दात तर अजून तसाच दिसतोय."

"दाताच्या मुळाचं काम झालं, रूट कॅनाल, त्याचे. दातावरची टोपी पुढच्या वर्षी बसवून घेईन."

मार्लिसने एक खोल श्वास घेतला. "हे बघ अ‍ॅन्सेल, तुझ्या बाबतीत मी चुकले. दुसऱ्या एकीला दिले आणि तुला नाही, आणि त्याला धड कारण नव्हतं. तू फोनवर मला जे बोललास ते माझ्या मनात राहिलं होतं. ते तसं राहायला नको होतं."

"मी काय बोललो?" त्याला खरंच आठवत नव्हतं.

"तू विचारलंस, तुम्ही डॉक्टर आहात का?"

अ‍ॅन्सेल आधी गोंधळला. मग कपाळावर हात मारला, चिमट्यासकट. "अहो, मला वाटलं दवाखान्यात फोन लागलाय. तुम्ही एकदम कलम आणि फॉर्म असलं काहीतरी सांगायला लागलात. माझ्या तोंडात कापूस होता आणि रक्त थांबत नव्हतं. मला खरंच डॉक्टर हवा होता."

मार्लिस कोटाचं बटण काढत-लावत राहिली. मी पाय द्यायला तयार होते, पण त्याची गरज नव्हती. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, टोस्ट जळतोय. अ‍ॅन्सेलने घाईने पाव काढला, आणि त्या घाईत त्याच्या तोंडावर हसू फुटलं, ओठ उघडून. पुढे काळी फट होती. लगेच त्याने तोंड मिटलं.

"मग डॉक्टर भेटला का तेव्हा?" मार्लिसने शेवटी विचारलं.

"मित्राने गाडीतून नेलं. तिथेही दोन तास बसवलं."

परत येताना तिने हिरवळ तरातरा ओलांडली. खोलीत आल्यावर कोट न काढताच तिने पान्या मुआला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आजच चेक काढते म्हणाली.

"काढू नका," पान्या म्हणाली. मार्लिसने आवाज मोठा करून ठेवला होता, मलाही ऐकू यावं म्हणून.

"का? माझी चूक आहे. मी मान्य करतेय."

"तेव्हा राग आला म्हणून नाही म्हणालात. आता वाईट वाटतंय म्हणून हो म्हणताय. दोन्ही वेळा निर्णय तुमच्या मनाचाच. बाहेरचे डॉक्टर नेमलेत ना? पहिली केस हीच पाठवा."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

फोन ठेवल्यावर मार्लिस पाच मिनिटं त्या बाईला नावं ठेवत होती. दगड म्हणाली, बर्फाची लादी म्हणाली, नळाचं पाणी म्हणाली. मग तिने अ‍ॅन्सेलची फाईल पाकिटात घातली, एक अक्षरही स्वतःच्या मनाचं न जोडता, आणि टपालात टाकून आली.

दातांच्या केससाठी नेमलेला बाहेरचा डॉक्टर म्हणजे तीन तालुके पलीकडचा एक निवृत्त दंतवैद्य. त्याने उत्तर द्यायला सतरा दिवस घेतले. त्या सतरा दिवसांत मार्लिसने खिडकीतली दोन्ही रोपं जास्त पाणी घालून मारली. टपाल वाटणारा माणूस तळघरात आला की ती उभी राहायची. मी तिला म्हटलं, तुला स्वतःच्या बायोप्सीच्या वेळी एवढी धडधड झाली नव्हती. ती म्हणाली, तेव्हा निकाल माझा होता.

उत्तर आलं. तुटलेला दात: अपघात, योजनेच्या नियमात बसतो, मुळाच्या कामासकट पूर्ण मंजूर. शेजारचा दात, ज्याचा खर्च अ‍ॅन्सेलने त्याच अर्जात घातला होता: जुनी कीड, अपघाताशी संबंध नाही, नामंजूर. खाली तीन ओळींत कारण.

मार्लिसने ते दोनदा वाचलं. "मी दोन्ही दिले असते," ती म्हणाली.

"म्हणूनच तुला विचारलं नाही," मी म्हणाले.

अ‍ॅन्सेलला मात्र काही वाटलं नाही. शेजारच्या दाताबद्दल त्याने नुसते खांदे उडवले. "तो गोळ्यांनी गेलाय," म्हणाला. "लिंबाच्या गोळ्या. मला वाटलं होतं, चालून जाईल." जूनच्या शेवटी टोपी बसली. त्यानंतर तो जरा जास्तच हसायला लागला, टोस्ट घेणाऱ्यांना त्याचा कंटाळा येईपर्यंत.

जुलैत पान्या मुआ परत आली, एका दिवसासाठी. मार्लिसने काहीच भाजलं नव्हतं. टेबलावर फक्त नियमांची पुस्तिका होती, चव्वेचाळीस पानांची. पान्याने ती सपाता घालून, सरळ बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अपघाताच्या पानावर तिला हसू आलं आणि ते लपवायला तिने कॉफीचा घोट घेतला, स्वतःच्या. दोन ठिकाणी तिने पेन्सिलीने खूण केली. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, "ही रानहंसांची तरतूद ठेवायचीच का?"

"ठेवायचीच," मार्लिस म्हणाली. "दर वर्षी येतात ते."

ती राहिली. 'वन्य पक्ष्यांपासून झालेली हानी' असं तिचं नाव पडलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परवाना आला. गॉर्डन तो स्वतः फ्रेम करून घेऊन खाली आला आणि आपलीच कल्पना असल्यासारखा भिंतीवर लावून गेला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कायद्याने सांगितल्याप्रमाणे मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ही विमा कंपनी नाही, ही तुमच्या कॉलेजची योजना आहे, आणि निर्णय पटला नाही तर या पत्त्यावर लिहा. पत्ता राज्याचा.

ऑक्टोबरमध्ये सिग्ने ओडेगार्ड नावाची पहिल्या वर्षाची मुलगी आली. घोड्यावरून पडून तिची पाठ धरली होती आणि तिला अ‍ॅक्युपंक्चर हवं होतं. मार्लिसने पुस्तिका उघडली, पान दाखवलं आणि नाही म्हटलं. सिग्ने जाऊन बाकावर बसली आणि रडवेली होऊन मला म्हणाली, "आता कोणाला विचारायचं?"

मी काही बोलायच्या आत मार्लिस बाहेर आली, हातात अर्ज घेऊन. सिग्नेच्या शेजारी बसली.

"हा भर. माझ्याविरुद्ध आहे, पण भर. इथे तुझं नाव. इथे मी काय चुकीचं केलं ते लिही." सिग्नेने बिचकत लिहायला सुरुवात केली. मार्लिस खांद्यावरून वाचत होती. "नाही गं, हे असं मिळमिळीत नको. दुखण्यावरच्या गोळ्यांनी तुझ्या पोटाला त्रास होतो हे लिहिलंच नाहीस. तोच तर तुझा खरा मुद्दा आहे. आणि दुसरा मुद्दा खोड, त्याला मी लगेच उत्तर देईन."

अर्ज बाहेरच्या डॉक्टरकडे गेला. नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं, मार्लिस हरली. दहा भेटी मंजूर. तिने ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं, सिग्नेला फोन करून सांगितलं, आणि मग वही काढून अ‍ॅक्युपंक्चरचा नियम नव्याने लिहायला बसली. दीड तासाने तिने भिंतीवर टकटक केलं.

"व्हर्ना, 'घोडा' हा शब्द घालू का नको?"